उपदेशात कडूपणा कोठून येतो आणि तो कसा काढावा : नव्या उपदेशकांसाठी

ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदा वचनाची सेवा, म्हणजे उपदेश, करायला उभ्या राहणाऱ्याला आपण बहुधा तीन गोष्टी सांगतो : शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला ठरलेला उतारा, नीट वाच, वेळेत संपव, आणि घाबरू नकोस. चौथी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, कारण पहिल्या उपदेशात तिची गरज दिसतच नाही. ती दिसू लागते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा भीती गेलेली असते, बाकांवरची माणसे ओळखीची झालेली असतात आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी आपल्याला दुखावलेले असते. तेव्हापासून बोलण्याला एक धार येते, आणि काही श्रोते तिला आवेश समजून वाखाणतातही, त्यामुळे बोलणाऱ्याला ती आपल्या बोलण्याची ताकद वाटू लागते. त्या धारेविषयी हा लेख आहे. तो पाळकांसाठी आहेच, पण घरसभेत, तरुण संघात किंवा महिला मंडळात अधूनमधून बोलणाऱ्यांसाठीही आहे, कारण लहान खोलीत कडू शब्द जास्त जवळून लागतो.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडूपणा टाळायचा म्हणजे पापाविषयी बोलायचे नाही आणि सगळ्यांना बरे वाटेल असेच गोड बोलायचे, असा याचा अर्थ मुळीच नाही. नाथान संदेष्टा दावीद राजापुढे उभा राहिला तेव्हा त्याने व्यभिचार आणि खून या दोन्ही गोष्टींचा दोष त्याच्या तोंडावर सांगितला. पण आधी त्याने श्रीमंताने हिरावून घेतलेल्या, गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीदाचा न्यायनिवाडा त्याच्याच तोंडून वदवून घेतला, आणि मग म्हटले की तो मनुष्य तूच आहेस. त्या बोलण्यात टोमणा कोठेही नाही. ज्याचे पाप होते त्याच्याशीच तो बोलला, दरबारात इतरांकडे पाहून नव्हे. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सत्याला प्रीतीने धरून राहण्याची आज्ञा आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटी कडूपण, संताप, क्रोध, गलबला आणि निंदा दूर करण्याची आज्ञा आहे. सत्य सांगणे आणि कडू न होणे या दोन्ही गोष्टी पौल एकाच दमात मागतो.

पहिली पायरी : हा शास्त्रपाठ याच आठवड्यात का निवडला, हे स्वतःला विचारणे

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत सेवा करीत होतो तेथे सुगीच्या सणाला झालेल्या लिलावाच्या जमाखर्चावरून पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत माझ्यावर शंका घेण्यात आली. हिशेब चोख होता आणि तो दाखवताही आला असता. मी मात्र तो तेथे दाखवला नाही, गप्प घरी आलो आणि शनिवारी रात्री जुन्या करारातल्या मलाखीचा तिसरा अध्याय उघडला. देवाला ठकवण्याविषयीचे ते वचन मी रविवारी वाचले तेव्हा माझे डोळे तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थावर खिळले होते. मी दशमांशाविषयी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याविषयी, बोलत होतो, पण ज्याने बैठकीत प्रश्न विचारला होता त्याला मी उत्तर देत होतो. उपासनेनंतर दाराशी त्या गृहस्थाने माझा हात हातात घेऊन "आज छान बोललात" असे म्हटले, आणि त्याला काहीच लागले नाही हे माझ्या लक्षात आले.

लागले होते दुसऱ्याच कोणाला. सोमवारी संध्याकाळी चार घरची धुणीभांडी करणारी एक विधवा बहीण दाराशी आली, पदराची गाठ सोडून तिने शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि म्हणाली, "पाळकसाहेब, दोन महिने जमलंच नाही बघा. तुम्ही काल म्हणालात ते खरंच आहे." लेकी बोले सुने लागे ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, उपदेशाच्या बाबतीत मात्र ती उलटी चालते, हे मला त्या दिवशी कळले. ज्याला उद्देशून बोलावे त्याच्या कानावरून ते निघून जाते आणि ज्याचा काही संबंध नाही असे कोवळे मन ते आपल्यावर ओढून घेते.

तेव्हापासून मी एक साधी सवय लावून घेतली आहे, आणि नव्या उपदेशकाने ती पहिल्या वर्षापासूनच लावून घ्यावी असे मला वाटते. शास्त्रपाठ निवडला की वहीच्या कोपऱ्यात, हा पाठ आजच का सुचला, याचे खरे उत्तर लिहावे. तयारी करताना एखाद्या माणसाचा चेहरा वारंवार डोळ्यांपुढे येत असेल, तर त्याचे नावही लिहावे. नाव आले म्हणजे तो विषय त्या रविवारी बाद, असा माझ्यापुरता नियम आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाचा अपराध त्याला एकांती दाखवण्याची जी रीत सांगितली आहे ती उपदेशकालाही लागू आहे, त्याला व्यासपीठ मिळाले म्हणून त्याची त्यातून सुटका होत नाही. त्या माणसाच्या घरी जावे, चहा घ्यावा, काय सलते आहे ते सांगावे. घरी जाऊन सांगण्याचे धैर्य नसेल, तर तेच माईकवरून सांगणे हे धैर्य नव्हे.

ज्या मंडळ्यांत वर्षभराचे शास्त्रपाठ आधीच ठरवून दिलेले असतात त्यांना या बाबतीत मोठे संरक्षण मिळते, कारण तेथे कोणावर उगारण्यासाठी काठी शोधता येत नाही, समोर येईल तो पाठ घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे अशी पाठमाला नाही त्यांनी निदान एखादे पुस्तक क्रमाने घ्यावे, म्हणजे मार्काच्या चौथ्या अध्यायानंतर पाचवाच येतो आणि आपल्या रागाला निवडीची संधी राहत नाही.

दुसरी पायरी : आठवड्याचे ओझे ओळखणे

जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायाकडे मी प्रत्येक नव्या उपदेशकाचे लक्ष वेधतो. रानात कादेश येथे पाणी नव्हते, इस्राएल लोक आपले पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्यावर उठले, आणि देवाने मोशेला खडकाशी बोलायला सांगितले. मोशेने लोकांना "बंडखोर" म्हणून हाक मारली, तुमच्यासाठी आम्ही या खडकातून पाणी काढायचे काय असे विचारले, आणि बोलण्याऐवजी काठीने खडकावर दोनदा मारले. पाणी भरपूर आले. लोक प्याले, गुरेढोरेही प्याली. बाहेरून पाहणाऱ्याला ती सभा यशस्वीच वाटली असती. तरीही वचनदत्त देशात मंडळीला नेण्याचे काम मोशेकडून काढून घेण्यात आले, आणि एकशे सहाव्या स्तोत्रात या प्रसंगाची आठवण अविचाराने बोललेल्या शब्दांसाठीच ठेवलेली आहे.

या अध्यायाचे पहिले वचन आपण घाईने ओलांडून जातो. त्यात मिर्यामेच्या मृत्यूची आणि कादेश येथेच तिला पुरल्याची नोंद आहे. ज्या बहिणीने लहानपणी नदीकाठच्या लव्हाळ्यातल्या, बाळ मोशेला ठेवलेल्या पेटाऱ्यावर पाळत ठेवली होती, तिला माती देऊन मोशे आलेला आहे, आणि त्याच्यापुढे तहानेचे तेच जुने गाऱ्हाणे घेऊन तेच लोक उभे आहेत. शास्त्र या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवत नाही, आणि मीही तो ठासून सांगणार नाही. पण दुःख गिळून सेवेला उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून कठोर शब्द किती सहज निघतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ते वचन तेथे का आहे असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. म्हणून घरात आजारपण असेल, जवळचे कोणी गेले असेल, बदलीची भाषा सुरू असेल, पगार तीन महिने थकला असेल, तर त्या रविवारी दुसऱ्या कोणाला बोलायला सांगण्यात कमीपणा नाही. ते शक्य नसेल तर उपदेश लहान करावा, आणि त्या दिवशी पापाची झाडाझडती घेणारा विषय तर टाळावाच.

आणखी एक लक्षण तपासून पाहण्यासारखे आहे. निनवे नगराने पश्चात्ताप केला तेव्हा योना संदेष्ट्याला राग आला, कारण त्याने सांगितलेला नाश टळला. ज्या दोषावर आपण बोलणार आहोत तो करणारा माणूस उद्या खरोखरच बदलून आला, तर आपल्याला आनंद होईल की हातचा विषय गेल्यासारखे वाटेल, हे शुक्रवारीच पाहून ठेवावे.

तिसरी पायरी : शास्त्रातली कठोर वचने पूर्ण वाचणे

कडू बोलणारा उपदेशक आपल्या समर्थनार्थ बहुधा मत्तयाचा तेविसावा अध्याय पुढे करतो. प्रभूने परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, ढोंगी म्हटले, सापांनो म्हटले, मग आम्ही का म्हणू नये, असा त्याचा सवाल असतो. त्याने तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा. "धिक्कार असो" या शब्दांची ती मालिका ज्या यरुशलेमेपाशी येऊन थांबते तिच्याविषयी प्रभू म्हणतो की कोंबडी आपली पिल्ले पंखांखाली एकवटते तसे तुझ्या मुलांना एकवटण्याची माझी कितीदा इच्छा होती. लूक तर त्याच नगराकडे पाहून तो रडला असे सांगतो. पौलही फिलिप्पैकरांना वधस्तंभाच्या वैऱ्यांविषयी सांगतो तेव्हा रडत सांगत असल्याचे लिहितो. रडू न येता ते शब्द उसने घेणाऱ्याची गत याकोब आणि योहान या शिष्यांसारखी होते : शोमरोनी गावाने थारा दिला नाही म्हणून त्यांना आकाशातून अग्नी पाडायचा होता, आणि प्रभूने वळून धमकावले ते त्या दोघांना, गावाला नव्हे.

चौथी पायरी : कागदावर भाषा तपासणे

उपदेश पूर्ण लिहून काढण्याची पद्धत आता मागे पडत चालली आहे, आणि अनेकांना मोबाईलवर चार मुद्दे टिपले की पुरेसे वाटते. निदान पहिली दोन वर्षे तरी नव्या उपदेशकाने पूर्ण लिहावे, कारण कडूपणा मुद्द्यांत दिसत नाही, तो वाक्यांत दिसतो. एक उदाहरण घेऊ. उपासनेला न येणाऱ्यांविषयी असा परिच्छेद आपण सगळ्यांनीच ऐकला आहे :

"काही लोकांना रविवारी देवाच्या घरी यायला वेळ नसतो म्हणे, पण लग्नाच्या पंगतीत मात्र पहिल्या ओळीत हजर! असले नावाचे ख्रिस्ती काय कामाचे? तुम्हीच सांगा."

लोक हसतात, आणि बोलणाऱ्याला हुरूप येतो. आता हा परिच्छेद शिक्षकाने वही तपासावी तसा तपासू. "काही लोक" म्हणजे ठरावीक तीन घरे, हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. "म्हणे" हा एवढासा शब्द समोरच्याची अडचण खोटी ठरवून मोकळा होतो. "असले" हे विशेषण माणसाला वस्तूच्या पंक्तीला बसवते. "काय कामाचे?" हा प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी विचारलेलाच नाही. शिवाय जे आले नाहीत त्यांच्याबद्दलची ही बोलणी, जे आले आहेत त्यांना ऐकावी लागत आहेत. सगळ्यांत वाईट म्हणजे या तीन वाक्यांत शास्त्रातले एकही वचन नाही. तेच म्हणणे असे मांडता येईल :

"रविवारची सकाळ ही आपल्यापैकी कित्येकांना आठवड्यातली एकुलती एक मोकळी सकाळ असते, आणि ती येथे येऊन घालवणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे; कंपनीत पाळी करीत होतो तेव्हा मीही कित्येक रविवार झोपून काढले आहेत. तरीही इब्री लोकांस पत्र आपल्याला सांगते की आपण एकत्र मिळणे सोडू नये, तर एकमेकांना बोध करावा. आपल्या बाकावरची जी जागा आज रिकामी आहे, तिच्याकडे या आठवड्यात आपल्यापैकी कोण जाऊन येईल?"

दुसऱ्या परिच्छेदात आज्ञा सौम्य केलेली नाही, उलट ऐकणाऱ्यांवर एक कामही सोपवले आहे.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे जिचा उपयोग करून घ्यावा. "तुम्ही" आणि "आम्ही" यांच्या जोडीला आपल्याकडे "आपण" आहे, आणि त्यात बोलणारा व ऐकणारा दोघेही येतात. लिहिलेला उपदेश हाती घेऊन दोषाच्या प्रत्येक वाक्यात कोणते सर्वनाम आले आहे ते लाल पेनाने खुणवावे. दोष सांगताना सर्वत्र "तुम्ही" आणि आशीर्वाद सांगताना तेवढे "आपण" आले असेल तर दुखणे कोठे आहे ते समजेल. मात्र "आपण" हा शब्दही ढोंगी होऊ शकतो. ज्या पापाशी आपला काहीही संबंध नाही, तेथे "आपण सगळेच दारू पितो" अशा थाटाचे बोलून उगाच वाटेकरी होऊ नये. तेथे नाथानासारखे सरळ "तू" म्हणावे, पण ते त्या माणसाशी एकट्याने बोलताना.

लिहून झाल्यावर शनिवारी तो घरात मोठ्याने वाचून दाखवावा. माझी पत्नी स्वयंपाक करता करता ऐकत असे आणि एखाद्या जागी लाटणे थांबवून "हे कोणाला?" एवढेच विचारत असे. त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही तर ते वाक्य गेले.

पाचवी पायरी : उभे राहिल्यानंतर

कागद कितीही स्वच्छ केला तरी सर्वांत कठोर शब्द बहुधा कागदावर नसलेलेच निघतात. मोबाईल वाजतो, लेकरू रडते, कोणी शेवटच्या गीताच्या वेळी आत शिरते, आणि व्यासपीठावरून एक खोचक वाक्य सुटते. रडणाऱ्या बाळाला घेऊन बाहेर गेलेली तरुण आई पुढचे सहा महिने उपासनेला येत नाही, आणि कारण विचारले तर "सासूबाईंना बरं नाही" असे सांगते. म्हणून एक नियम करावा : अडथळा आला तर दोन श्वास थांबायचे, पाणी प्यायचे, आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचे, अडथळ्यावर बोलायचे नाही. आवाज चढणे हे काही पाप नाही, पण माईक असताना ओरडण्याची गरज नसते. अंत्यविधीला आणि लग्नाला मृताच्या किंवा वधूवरांच्या घरच्यांची कानउघाडणी करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा; शोकात किंवा आनंदात असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

दुसऱ्या पंथांविषयी आणि दुसऱ्या धर्मांविषयी

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घराचे काही नातेवाईक आणि स्नेही बहुधा दुसऱ्या धर्मांचे किंवा दुसऱ्या पंथांचे असतात. बाप्तिस्म्याला मामा हिंदू असतो, शेजारची मैत्रीण बौद्ध असते, जाऊ कॅथलिक असते आणि धाकटा भाऊ पेंटेकॉस्टल सभेला जातो. त्यांच्या देवस्थानाची किंवा मिस्साची (कॅथलिक उपासनाविधीची) टवाळी करून टाळ्या मिळतात, पण ज्याने आमंत्रण दिले त्याची मान खाली जाते. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर 1857 साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. तो काळ वादसभांचा होता आणि दोन्ही बाजूंनी ती रीत मान्य केलेली होती. रविवारची उपासना ही वादसभा नव्हे, आणि तेथे प्रतिपक्षाला उत्तर देण्याची सोयही नसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी त्यांनी कीर्तन आणि अभंग हेच आपल्या मातीतले साधन हाती घेतले. ऐकणाऱ्याच्या घरात जे गायिले जाते त्याविषयी आदर असल्याशिवाय हे सुचत नाही.

पंथांतल्या मतभेदांविषयी एक जुनी गोष्ट नव्या उपदेशकांना ठाऊक असावी. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी 1739 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे पूर्वनियोजनाच्या, म्हणजे कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे या मताविरुद्ध उपदेश केला आणि तो छापलाही. त्यांचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी छापील पत्रातून उत्तर दिले, त्यात खासगी गोष्टीही उघड केल्या, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मत कोणीच बदलले नाही, पण मैत्री पुढे सांधली, आणि 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार लंडनमध्ये स्मरणाचा उपदेश वेस्ली यांनी केला. ज्या उपदेशकाच्या मताला आपण व्यासपीठावरून खोडून काढणार आहोत, त्याच्या अंत्यविधीला आपल्याला बोलावले तर काय बोलता येईल, असा विचार मी या गोष्टीवरून करू लागलो आहे. हल्ली तर मोबाईलवर चित्रित केलेला आपला दोन मिनिटांचा तुकडा संध्याकाळपर्यंत त्याच्याच व्हॉट्सॲपवर पोचतो.

चूक झाल्यावर

या सगळ्या पायऱ्या पाळूनही एखाद्या रविवारी तोंडातून नको ते जाणारच. तेव्हा क्षमा मागण्याची रीत अशी असावी की जे चारचौघांत बोलले गेले त्याची क्षमा चारचौघांत मागावी, ती दोन वाक्यांत मागावी, आणि "मी बोललो ते खरेच होते, पण" असा "पण" त्यात आणू नये. क्षमायाचनेचा उपदेश करू नये, तिच्यावर अश्रूही ढाळू नयेत. सूचनांच्या वेळी उभे राहावे, सांगावे, आणि पुढची सूचना द्यावी.

मलाखीच्या त्या रविवारनंतर पुढच्या रविवारी मी असे दोन वाक्यांत सांगितले. तिसऱ्या बाकावरच्या गृहस्थाने मान वर केली नाही, कमिटीतल्या एकाने नंतर मला "याची काही गरज नव्हती" असे ऐकवले, आणि लिलावाचा हिशेब त्याच संध्याकाळी मी सर्वांपुढे वाचून दाखवला. ती विधवा बहीण मात्र त्या दिवशी आलीच नव्हती, कारण एका घरी पाहुणे आल्याने तिला रविवारचेही काम लागले होते. म्हणून मंगळवारी तिच्या खोलीवर जाऊन तीच दोन वाक्ये मला पुन्हा म्हणावी लागली, आणि दाराशी बसून तिने केलेला कोरा चहा प्यावा लागला.